वळणावरचा गाळ

गोजरबाई हिवराळे आमच्या कम्युनिटी कॉलेजात पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, कुणा मुलीची आई चौकशीला आली असेल. प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. टेबलासमोर पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, बोटांच्या पेरांत कणीक वाळलेली.

"मुलीला नाही आणलं सोबत?" मी विचारलं.

"पोरगी कंपनीत हाय, सर. मलाच शिकायचंय. आठवी पास हाय मी. दाखला आणलाय."

त्या वर्षी आमच्या कॉलेजानं आणि नदीकाठ वारसा मंडळानं मिळून एक अभ्यासक्रम सुरू केला होता. खाम नदीचा आमच्या बाजूचा काठ कचऱ्यानं आणि गाळानं बुजून गेला होता. तो मोकळा करायचा, जुने घाट, भिंती, जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरींची तोंडं शोधायची, आणि काठावरच्या वस्त्यांतल्या बेकार मुलामुलींना तिथंच काम मिळेल असं शिक्षण द्यायचं, असा बेत होता. सहा महिन्यांचा कोर्स. सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन तास वर्गात, शनिवारी दिवसभर नदीत. वयाची अट नव्हती. ती अट आम्ही काढली होती, कारण मुलंच मिळत नव्हती.

गोजरबाईंनी फी विचारली नाही, नोकरीचं विचारलं नाही. "शनिवारचं काम कुठून कुठवर हाय?" एवढंच विचारलं. मी भिंतीवरचा नकाशा दाखवला. फरशी पुलापासून खाली, नदी जिथं डावीकडं वळते तिथपर्यंत. त्यांनी त्या वळणावर बोट ठेवलं.

"हे बी?"

"हे पण."

त्यांनी सही केली. मी खूश झालो. तेविसावा प्रवेश झाला होता, आणि कोर्स चालवायला किमान तेवीस लागत होते.

गोजरबाई मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. शनिवार सोडून रोज पहाटे पाचला जायच्या, बाराला सुटायच्या, आणि तशाच वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसायच्या. नवीन दप्तर होतं त्यांच्याकडं, जांभळं. मुलीनं, प्रेरणानं, पहिल्या दिवशी आणून दिलं होतं. सहा वर्षांपासून आई घरात बोलेनाशी झालीय, कॉलेजात गेली तर चार माणसांत मिसळेल, असं तिला वाटत होतं. हे मला पुढं कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच माहीत होतं की बाई वर्गात झोपेनं डुलायच्या आणि शनिवारी नदीत उतरल्या की दहा जणांचं काम एकटीनं करायच्या.

बाकीची मुलं घमेलं भरायची, ट्रॉलीत रिकामं करायची. गोजरबाई तसं करत नसत. घमेल्यातलं प्रत्येक ढेकूळ हातानं फोडून बघायच्या. चपला, चिंध्या, प्लास्टिक, सगळं उलटं-पालटं करायच्या. पुरुषाचा शर्ट निघाला तर धुऊन उन्हात पसरायच्या. आम्ही दिलेले हातमोजे त्या काढून ठेवायच्या.

"मावशी, काच लागंल," राजनंदिनी म्हणायची. ती आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिच्याकडं नोंदवहीचं काम होतं.

"लागू दे. मोज्यातून हाताला काय कळत नाय."

एका शनिवारी जेवणाच्या सुटीत त्या माझ्याजवळ आल्या. "सर, माणसाचं हाड अन जनावराचं हाड येगळं कसं वळखावं?"

मला फार कौतुक वाटलं. शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थिनीनं पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. मी वहीत चित्रं काढून दाखवली. मांडीचं हाड, खुराजवळचं हाड, दातांची ठेवण. त्यांनी ते पान मागून घेतलं आणि घडी करून पोलक्यात ठेवलं. त्याच आठवड्यात मी मंडळाच्या पत्रकासाठी त्यांचा फोटो काढला. खाली लिहिलं, 'वय पन्नास, उत्साह विशीचा.' ते पत्रक अजून कॉलेजच्या फळ्यावर आहे. काढून टाकायला हात जात नाही आणि बघवतही नाही.

फेब्रुवारीत आम्ही वळणाजवळ पोहोचलो. तिथं गाळाचा जवळजवळ दीड पुरुष उंच ढीग होता, आणि त्यात एका पडलेल्या कंपाउंडच्या भिंतीचे तुकडे अडकले होते. हातानं ते काम होण्यासारखं नव्हतं, म्हणून मंडळानं पोकलेन आणलं. पोकलेन आलं त्या दिवशी गोजरबाई मेसला गेल्याच नाहीत. सकाळी सातपासून काठावर उभ्या होत्या. प्रत्येक बकेट रिकामी झाली की धावत जाऊन बघायच्या. चालक वैतागला, दोनदा ओरडला, "ओ मावशी, बाजूला व्हा, मरायचंय का!"

साडेअकराच्या सुमारास बकेट दगडावर आपटली. आप्पासाहेबांनी दोन्ही हात वर करून मशीन थांबवलं. आप्पासाहेब मंडळाचे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, पुंडलिकनगरला राहतात. खामचा नकाशा त्यांना तोंडपाठ. ते स्वतः खाली उतरले, हातानं गाळ बाजूला केला, आणि घडीव दगडाची कड दिसली. मग तिच्याखाली दुसरी. संध्याकाळपर्यंत चार पायऱ्या उघड्या झाल्या. जुना घाट होता. नकाशात नव्हता, कुणाच्या आठवणीत नव्हता.

त्या दिवशी आम्ही वेडे झालो होतो. मुलं नाचली. कुणी पेढे आणले. आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मोबाईलवर पन्नास-साठ फोटो काढले.

गोजरबाई एकट्या बाजूला उभ्या होत्या. त्या आप्पासाहेबांकडं गेल्या.

"साहेब, आता मशीन कधी चालू व्हईल?"

"मशीन आता नाही, बाई. आता ब्रश आणि खुरपं. वारसा आहे हा."

"अन पायऱ्यांच्या पल्याडचं? त्या भिताडाखालचं?"

"त्याला हात लावायचा नाही. तो ढीग काढला तर घाटाचा आधार जाईल. सपाट करून वरून दगडांचा थर बसवू, पिचिंग करू. पावसाळ्याच्या आत."

गोजरबाई तिथंच खाली बसल्या. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मी राजनंदिनीला पाणी द्यायला सांगितलं.

त्यानंतर दीड महिन्यात त्या माझ्याकडं पाच वेळा आल्या. कधी वर्ग सुटल्यावर, कधी स्टाफरूमच्या दारात. प्रत्येक वेळी एकच बोलणं. "सर, तेवढा ढीग काढू द्या. मी एकटी काढते. हातानं काढते." का, म्हणून विचारलं की गप्प. मी म्हणायचो, समितीचा निर्णय आहे. शेवटच्या वेळी त्यांनी माझे पाय धरले. मला ओशाळल्यासारखं झालं आणि त्याचा रागही आला. मी म्हणालो, "असं करू नका, मावशी. विद्यार्थी बघतात."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पिचिंगचे दगड येऊन पडले. मंगळवारी दुपारी, बेचाळीस अंशांच्या उन्हात, सुरक्षारक्षक जेवायला गेला असताना गोजरबाई टिकाव घेऊन वळणावर उतरल्या. भिंतीचा तुकडा त्यांना हलेना, तेव्हा त्यांनी पायरीच्या बाजूनं खांदायला घेतलं. रक्षक परत आला तोवर दुसऱ्या पायरीचा कोपरा फुटून पडला होता, आणि बाई कमरेएवढ्या खड्ड्यात उभ्या होत्या. त्यानं हाका मारल्या. त्या थांबल्या नाहीत. शेवटी दोघा जणांनी त्यांना धरून वर काढलं.

मी त्याच दिवशी त्यांचं नाव कमी करण्याचं पत्र तयार केलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत त्यांना बोलावलं, आणि पालक म्हणून मुलीला. पन्नास वर्षांच्या बाईची पालक म्हणून मुलीला बोलावणं किती विचित्र आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. प्रेरणा कंपनीच्या निळ्या गणवेशातच आली होती.

आप्पासाहेब बसायलाही तयार नव्हते. "शेकडो वर्षं पुरात टिकलेली पायरी. एका दुपारी फोडली तुम्ही. काय वाटलं तुम्हाला, खाली मोहरांचा हंडा पुरलाय?"

गोजरबाई हाताकडं बघत होत्या. दोन्ही तळव्यांची कातडी निघाली होती.

"आई, बोल ना," प्रेरणा म्हणाली. "अर्धी रजा टाकून आले मी. काऊन केलंस असं?"

"तुझे पप्पा हायेत तिथं."



प्रेरणानं डोळे मिटून घेतले. मग तीच आम्हाला सांगू लागली, सरकारी कार्यालयात माहिती सांगावी तशी. सहा वर्षांपूर्वी सप्टेंबरात खामला पूर आला होता. वडील, रामकिसन हिवराळे, मोंढ्यात हमाली करायचे. दिवस मावळताना सायकल हातात धरून फरशी पुलावरून येत होते, गुडघाभर पाणी होतं. मध्यावर पाय निसटला. एका गच्चीवरच्या माणसानं त्यांना वळणापाशी पाहिलं. एका हातानं सायकल धरलेली, डोकं पाण्याच्या वर. तेवढ्यात कंपाउंडची भिंत कोसळली. पुढं काही दिसलं नाही. अग्निशमनवाल्यांनी चार दिवस शोधलं. गोजरबाई चार महिने रोज पोलीस ठाण्यात आणि शवागारात जात होत्या. मृतदेह सापडला नाही.

"लोक म्हणाले, पुण्यानुमोदन करून घ्या, भन्तेजींना बोलवा," प्रेरणा म्हणाली. "आईनं करू दिलं नाय. गळ्यातली पोत काढली नाय. माणूस दिसल्याबिगर काढनार नाय म्हणते." मग आईकडं वळून, "त्याच्यासाठी गेलीस व्हय कॉलेजात? मी दप्तर आणलं तुला."

"भिताड त्यांच्या अंगावरच पडलंय," गोजरबाई आप्पासाहेबांना म्हणाल्या. "म्हणून कुठं सापडलं नाय. तुमी वरून दगडं बसवली की मला मंग कुठंच जायला ऱ्हानार नाय, साहेब."

माझ्या हातात ते पत्र होतं. मी ते दुमडून खिशात घातलं. हाडांची चित्रं काढलेलं ते पान मला आठवलं, आणि ते काढून देताना मी हसलो होतो हेही.

आप्पासाहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "पायऱ्यांवर नंबर टाकू. एकेक दगड उचलून बाजूला ठेवू. काम झालं की जसेच्या तसे बसवू. मशीन नको. पाऊस यायला पाच आठवडे आहेत."

मी वर्गात सगळं सांगितलं. ज्याला यायचं नाही त्यानं येऊ नये, तरी त्याची हजेरी लावली जाईल, असंही सांगितलं. तेविसातले चौदा आले. आप्पासाहेबांनी स्वतः पांढऱ्या रंगानं दगडांवर आकडे घातले. आम्ही लोखंडी तिपाईला दोर बांधून भिंतीचे तुकडे ओढून काढले. मग गाळ. वाळू चाळायच्या दोन मोठ्या चाळण्या आणल्या होत्या. प्रत्येक घमेलं चाळायचं, मगच टाकायचं. सकाळी सहा ते दहा, आणि संध्याकाळी पाचनंतर दिवस आहे तोवर. गाळाला असा वास यायचा की पहिले दोन दिवस मुलं उलट्या करत होती. प्रेरणा पाळी सुटली की यायची. काम करायची नाही, काठावर बसून राहायची.

नवव्या दिवशी राजनंदिनीच्या खुरप्याला लोखंड लागलं. अर्ध्या तासानं सायकल बाहेर आली. चाकं वाकलेली, गंजून पोपडे सुटलेले. मागचं कॅरिअर मात्र साधं नव्हतं. पोतं नीट बसावं म्हणून रामकिसननं बांधकामाच्या सळया जोडून ते रुंद करून घेतलं होतं.

गोजरबाईंनी बादलीभर पाणी ओतून ते धुतलं. सळयांवरून हात फिरवला. "हीच हाय," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. उलट तोंडावर काहीतरी उजळलं, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. "खांदा रे पोरांनो. लवकर खांदा. जवळच असतील."

काठावर प्रेरणा तोंडावर ओढणी दाबून हुंदके देत होती. तिच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढचे आठ दिवस त्या मेसला गेल्या नाहीत. पाणी प्या म्हटलं तर पीत, खा म्हटलं तर डबा बाजूला ठेवत. आमच्याआधी येऊन खड्ड्यात उतरलेल्या असत. त्यांचा आवाज बसला, गाल आत गेले. चाळणीवर एकेक खडा निरखायच्या. एकदा हाड निघालं. त्यांनी पोलक्यातून माझं पान काढलं, ओलं, विटलेलं, आणि हाड त्यावर ठेवून ताडून बघितलं. म्हशीचं होतं. तसं मी म्हणालो तर म्हणाल्या, "नीट बगा, सर. अजून एकदा बगा." मी तीन वेळा बघितलं.

सतराव्या दिवशी कातळ लागला. आधी एका कोपऱ्यात, मग मध्ये, मग सगळीकडं. काळा, अखंड. त्याच्यावर बोटभर वाळू होती, तीही आम्ही चाळली. काही नव्हतं.

मुलं एकेक करून बाजूला झाली. गोजरबाईंनी टिकाव उचलून कातळावर मारला. पुन्हा मारला. ठिणग्या उडत होत्या. कुणाला पुढं जायचा धीर होईना. शेवटी आप्पासाहेब, गुडघे दुखत असूनही, शिडीनं खाली उतरले आणि त्यांच्याशेजारी चिखलात बसले.

"बाई, सायकल जड असते. ती बसते तळाला. माणसाचं शरीर दोन-तीन दिवसांत वर येतं. पाणी चालू असलं की पुढं जातं."

"कुठं?"

"ही नदी पुढं पैठणच्या धरणाच्या, नाथसागराच्या फुगवट्यात जाऊन मिळते."

"हे तुमाला आधीच ठाऊक व्हतं?"

"हो."

"मंग खांदू काऊन दिलं?"

गोजरबाईंनी टिकाव खाली ठेवला, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पुलावरून जाणारी माणसं थांबली.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा कामाला निघाली होती. पायात बूट घालत असताना गोजरबाई म्हणाल्या, "ऐक. तुला एक सांगायचंय." मग त्यांनी सहा वर्षं कुणाजवळ न काढलेली गोष्ट सांगितली. पुराच्या संध्याकाळी रामकिसननं पुलापलीकडच्या हॉटेलातून फोन केला होता. पाणी उतरेस्तोवर इथंच थांबतो म्हणाले. घरात प्रेरणा तापानं फणफणली होती, घरात गोळी नव्हती. गोजरबाई फोनवर खेकसल्या, "पोरगी निपचित पडलीय अन तुमी चहा पीत बसा तिकडं." पलीकडून रामकिसन म्हणाले, "येतो." तेवढंच.

"मीच वढून आणलं त्यांना पाण्यात," गोजरबाई म्हणाल्या.

प्रेरणा एक बूट घालून तशीच उभी राहिली. "म्हणजे माझ्यासाठी आले."

"तुज्यासाठी नाय. माज्या जिभेपायी."

"मला ताप होता म्हणून. सहा वर्षं मला सांगितलं नाय तू. मी लोकांना सांगत फिरले, पप्पा हट्टी व्हते, कुणाचं ऐकलं नाय म्हणून." तिनं दुसरा बूट घातला आणि निघून गेली. संध्याकाळी घरी आली नाही. कंपनीजवळ मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. फोन उचलेना.

चार दिवसांनी गोजरबाई कॉलेजात आल्या. वर्गात नाही, थेट माझ्याकडं. दप्तर परत करायला आल्या होत्या. "हे प्रेरणाला द्या. मला आता काय करायचं ते कळंना, सर. घरात बसवत नाय. नदीवर जाववत नाय. मला वाटतं, कुठंतरी चालत सुटावं." त्या हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की मी घाबरलो. त्यांना बसवून घेतलं आणि आप्पासाहेबांना फोन केला. त्यांनीच सुचवलं. शहर पोलीस आणि ग्रामीण पोलीस वेगवेगळे. फुगवट्याकाठच्या ठाण्यांमध्ये बेवारस मयतांच्या नोंदी असतात. त्या कुणी बघितल्यात का?

कुणीच बघितल्या नव्हत्या. गोजरबाईंना ते माहीतच नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पैठणच्या एसटीनं निघालो. पहिल्या ठाण्यात त्या वर्षाची एकही नोंद नव्हती. दुसरं ठाणं गाठेपर्यंत दुपार झाली. तिथल्या हवालदारानं आम्हाला बसवलं, कपाट उघडलं, जुनी रजिस्टरं काढली. भला माणूस होता. त्या सप्टेंबरात, पुरानंतर सहा दिवसांनी, मासेमारांना फुगवट्यात एक पुरुषाचं प्रेत सापडलं होतं. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. अंगावर कपडे नाहीत. ओळख पटली नाही म्हणून दफन केलं होतं. दात प्रयोगशाळेत जपून ठेवल्याची नोंद होती. आणि एक फोटो.

हवालदार म्हणाला, "बाई, सहा दिवस पाण्यात होतं. बघवणार नाही."

"दावा."

त्यांनी फोटो घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीच्या उजेडात नेला. मी एकदाच बघितला आणि मान वळवली. त्यात चेहरा असा उरलाच नव्हता.

पंधरा मिनिटं झाली असतील. गोजरबाईंनी फोटो हवालदाराला परत दिला. "सर, मला वळखू येईना. चोवीस वरसं संसार केला मी. कान बगितले, कपाळ बगितलं. व्हय बी म्हणता येईना, नाय बी म्हणता येईना. असं कसं व्हतंय? अशी कशी बाई मी?"

मी बाहेर येऊन प्रेरणाला फोन लावला. माझा नंबर तिच्याकडं नव्हता म्हणून तिनं उचलला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ठाण्याचं नाव सांगा."

साडेचारला ती उतरली. निळा गणवेश, खांद्याला डबा. आईकडं न बघता तिनं हवालदाराकडून फोटो घेतला. बघितला. टेबलावर पालथा ठेवला.

"मला पण नाय सांगता येत," ती म्हणाली. "तपासणी कशी करायची ते सांगा."

"रक्त द्यावं लागेल," हवालदार म्हणाला. " मुलीचं. दाताशी जुळवून बघतात."

"माझं घ्या."

येताना एसटीत गर्दी नव्हती. प्रेरणा पुढच्या सीटवर बसली, गोजरबाई मागच्या. वाटेत कुठंतरी गोजरबाईंना झोप लागली आणि डोकं खिडकीच्या गजावर आपटू लागलं. प्रेरणानं मागं वळून पाहिलं. उठली, आईच्या शेजारी येऊन बसली आणि ओढणीची घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली. गोजरबाई जाग्या झाल्या नाहीत. शहर येईपर्यंत प्रेरणा समोर बघत बसली होती.

आठवड्याभरात सरकारी दवाखान्यात नमुना दिला. पावसाळ्याआधी आम्ही पायऱ्या आकड्यांप्रमाणे परत बसवल्या. फुटलेला कोपरा आप्पासाहेबांनी तसाच ठेवला, दुरुस्त करू दिला नाही. ऑगस्टमध्ये घाटाचं उद्घाटन झालं, प्रमाणपत्रं वाटली. गोजरबाईंचंही होतं. त्या आल्या नाहीत. राजनंदिनीनं घरी नेऊन दिलं. आता मुलं घाटावर येणाऱ्यांना माहिती सांगतात, शनिवारी फिरायला बरीच माणसं येतात, आणि चहाच्या दोन टपऱ्याही उभ्या राहिल्यात. कोर्सची दुसरी तुकडी सुरू आहे. यंदा साठ अर्ज आले.

प्रेरणा घरी परतलेली नाही. रविवारी येते, आईचं दुखणंखुपणं विचारते, भाकरी खाते, जाते. ताप, फोन, पूर, यांतलं काही दोघी काढत नाहीत.

तपासणीचा अहवाल अजून आलेला नाही. दहा महिने झाले. मी दर महिन्याला ठाण्यात फोन करतो. प्रयोगशाळेत प्रकरणं फार आहेत म्हणतात. गेल्या आठवड्यात हवालदार म्हणाला, अजून दोनेक महिने लागतील बहुतेक. ते सांगायला मी मेसवर गेलो. गोजरबाई लाटत होत्या. समोर परातीत कणकेचे गोळे मांडलेले. अंग आणखी सुकलंय, गळ्यात काळी पोत आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. लाटणं थांबवलं नाही.

"दोन म्हंजी दोनच ना, सर? त्याच्याम्होरं नाय ना?"

"दोनच," मी म्हणालो.

असं सांगायला माझ्याकडं काहीही आधार नव्हता. त्यांनी मान हलवली, आणि पोळी तव्यावर टाकली.